खो मिळण्याआधी

त्या रात्रीच्या स्कोअरशीटवर त्याच्या नावापुढे शून्यांची रांग होती. गुण शून्य, रिबाउंड शून्य, असिस्ट शून्य. खेळलेला वेळ चार मिनिटं दहा सेकंद. शेवटच्या रकान्यात मात्र ‘अधिक ९’ असं लिहिलं होतं. म्हणजे तो मैदानावर असताना आमच्या संघानं समोरच्या संघापेक्षा नऊ गुण जास्त केले होते. सामना आम्ही सहा गुणांनी जिंकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी व्हिडिओ रूममध्ये मुख्य कोचसाठी क्लिपा कापत बसले होते. संघात कोणी काय केलं याच्या क्लिपा खेळाडूंच्या नावानं वेगळ्या काढायच्या, हे माझं रोजचं काम. त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये एकही क्लिप नव्हती. मी तो फोल्डर मिटवून टाकला आणि पुढच्या नावाकडे वळले. आज ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते, कारण त्या सामन्याचा निकाल त्याच चार मिनिटांत फिरला होता आणि तो दिसेल अशी नजरच माझ्याकडे नव्हती.

मी मूळची मिरजेची. क्रीडा व्यवस्थापन शिकायला अमेरिकेत आले आणि एनबीए या बास्केटबॉल लीगच्या खालच्या पायरीवर असलेल्या जी लीगमध्ये एका संघाच्या व्हिडिओ विभागात लागले. तिथं सहा सीझन काढले. या लीगमधली मुलं एनबीएपासून एका फोनच्या अंतरावर असतात. तो फोन बहुतेकांना कधीच येत नाही. पहाटे चारला विमानतळ, दुपारी शूटअराउंड, रात्री दीड-दोन हजार प्रेक्षकांसमोर सामना, आणि पगार एनबीएच्या मानानं अगदी किरकोळ. अशा ठिकाणी बाकावर बसणं म्हणजे काय, हे मी फार जवळून पाहिलं. ज्याच्याकडून ते पाहायला शिकले, त्याचा जर्सी नंबर ३१ होता. म्हणून इथं त्याला एकतीसच म्हणते.

तर त्या सकाळी एकतीस हातात कॉफीचे दोन कप घेऊन व्हिडिओ रूममध्ये आला. वय चौतीस, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या. तीन देशांत खेळून आलेला माणूस. त्याआधीच्या अकरा सामन्यांत तो एक सेकंदही मैदानावर उतरला नव्हता. एक कप माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “दुसरा क्वार्टर लाव. वरच्या कॅमेऱ्याचा.”

मी लावला. चेंडू डावीकडे होता, मी डावीकडे बघत होते. त्यानं पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं आमचा बाक दिसत होता. “आता त्यांचा सेंटर स्क्रीन लावायला येतो ते बघ, आणि मग मला बघ.”

स्क्रीन म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्या सहकाऱ्यासाठी बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहणं. कधीकधी सेंटर भिंत व्हायचं नुसतं सोंग करतो आणि ऐनवेळी रिंगकडे निसटतो. त्याला स्लिप म्हणतात. त्यांचा सेंटर पहिल्या अर्ध्यात तसा तीनदा निसटला होता आणि तीनही वेळा सोपी बास्केट झाली होती. एकतीसनं टेप थांबवली. “खरी स्क्रीन लावायची असली की हा दोन्ही पाय रोवतो. निसटायचं असलं की पोचण्याआधीच डावा पाय रिंगकडे वळतो.”

मी पुन्हा लावलं, पुन्हा पाहिलं. खरंच तसंच होतं. कोपऱ्यातल्या बाकावर एकतीस दुसऱ्याच वेळी अर्धवट उठला होता आणि शेजारच्या मुलाला पाय वळवून दाखवत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या एका गार्डचा घोटा मुरगळला आणि एकतीसला उतरवलं गेलं. त्या चार मिनिटांत सेंटर दोनदा निसटला. दोन्ही वेळा एकतीस त्याच्या वाटेत आधीच जाऊन उभा होता. पास देता येईना. एकदा चेंडू हातात धरून धरून त्यांची शॉटसाठीची चोवीस सेकंदं संपली, एकदा घाईघाईनं मारलेला बॉल रिंगच्या कडेला लागून बाहेर गेला आणि रिबाउंड दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर पडला. माझ्या संगणकानं पहिल्याची नोंद ‘समोरच्या संघाची चूक’ अशी घेतली आणि दुसऱ्याची ‘हुकलेला शॉट’ अशी. एकतीस कुठंच नव्हता.

“आवाज आहे का याला?” त्यानं विचारलं. होता, पण मी तो कायम बंद ठेवून काम करायचे. सुरू केला, तर सबंध चार मिनिटं त्याचाच आवाज. डावीकडून स्क्रीन. मागे बघ. थांब, हा जाणार. मी आहे, मी आहे. वीस-बावीस वर्षांची आमची मुलं त्या आवाजाच्या दोरीला धरून हलत होती.

मी त्याला विचारलं, अकरा सामने बसून राहिल्यावर हे कसं जमतं? तो म्हणाला, “मी बसून नव्हतो. मला फक्त चेंडू मिळत नव्हता.”

त्या वाक्यानं मला थेट मिरजेच्या शाळेच्या मैदानावर नेलं. मी शाळेत खो-खो खेळायचे. आठ जणी चौकोनात बसायच्या, एक पळायची. ‘खो’ मिळाल्याशिवाय उठलं तर फाउल, आणि मिळाल्यावर क्षणभर उशिरा उठलं तर गडी सुटलाच. आमचे सर रोज एकच गोष्ट तपासायचे. बसलेल्या प्रत्येकीच्या मागून जायचे आणि टाचेखाली बोट घालून बघायचे. टाच जमिनीला टेकलेली असली की म्हणायचे, “तू बसलीस गं. बसायचं नाही, दबा धरायचा.” त्या सकाळी टेपमध्ये मी एकतीसचे पाय मोठे करून पाहिले. खुर्चीच्या कडेवर तो बसला होता आणि त्याच्या दोन्ही टाचा वर होत्या.

त्या दिवसापासून मी क्लिपा कापायच्या माझ्या स्पोर्ट्सकोड या प्रोग्राममध्ये एक नवं बटण तयार केलं. त्याला नाव दिलं ‘बाक’. चेंडूकडे बघून संपलं की तीच टेप दुसऱ्यांदा लावायची आणि फक्त बाकाकडे बघायचं. दुप्पट वेळ लागायचा, पण त्या सीझनभर मी ते नेमानं केलं. त्यात जे दिसलं ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी साधा हिशेब. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, जी लीगचाही तेवढाच. मैदानावर पाच जण. म्हणजे एका संघाला खेळून काढायची मिनिटं झाली २४०. सुरुवातीचे पाचही जण प्रत्येकी ३५ मिनिटं खेळले, जे फार झालं, तरी होतात १७५. उरलेली ६५ मिनिटं कुणाची? बाकावरच्यांची. सामन्याचा पावहून जास्त भाग ज्यांच्या हातात असतो, त्यांना आपण ‘राखीव’ म्हणतो. एनबीएच्या एका सीझनमध्ये असे ८२ सामने, त्यानंतर प्लेऑफ. मुख्य खेळाडूचे पाय एप्रिलपर्यंत ताजे ठेवायचे, तर जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी त्याच्या वाटची आठ मिनिटं कुणीतरी आपल्या अंगावर घ्यावी लागतात. ती आठ मिनिटं नंतर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मे-जूनमध्ये दिसणारी ताकद मात्र अशा मिनिटांतूनच साठलेली असते.

ही गोष्ट फार आधी ओळखली ती बॉस्टन सेल्टिक्सचे कोच रेड आवरबॅक यांनी. १९५० च्या दशकात त्यांनी फ्रँक रॅमसीसारखा उत्तम खेळाडू मुद्दाम बाकावर ठेवायला सुरुवात केली. समोरचे पाच जण दमले की ताज्या दमाचा, तोडीस तोड खेळाडू आत सोडायचा. पुढे १९६२ मध्ये जॉन हॅवलिचेक आला आणि त्यानं या ‘सहाव्या माणसा’च्या भूमिकेला प्रतिष्ठा मिळवून दिली. सामना कोण सुरू करतो यापेक्षा तो संपताना मैदानावर कोण असतो हे महत्त्वाचं, हा आवरबॅक यांचा विचार. त्यांच्या हाताखाली सेल्टिक्सनं १९५९ ते १९६६ अशी सलग आठ विजेतेपदं मिळवली. एनबीएमध्ये सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा पुरस्कार सुरू व्हायला मात्र १९८२-८३ चा सीझन उजाडावा लागला. आज तो करंडक हॅवलिचेकच्याच नावानं दिला जातो.

पण सहावा माणूस तसा दिसतो. तो वीस-पंचवीस मिनिटं खेळतो, गुण करतो, त्याला पुरस्कार असतो. माझं लक्ष गुंतलं ते नवव्या, अकराव्या, तेराव्या माणसात. यांचं काम सामन्यात सुरूच होत नाही, ते आधल्या रात्री सुरू होतं.

उद्या ज्यांच्याशी खेळायचं त्या संघाच्या आठ-दहा मुख्य चाली मी कापून बाकावरच्या खेळाडूंच्या फोनवर पाठवायचे. त्यांनी त्या रात्रीतून पाठ करायच्या आणि सकाळी समोरचा संघ होऊन दाखवायचा. याला स्काउट टीम म्हणतात. दौऱ्यावर कोर्ट मिळत नसे, तेव्हा हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये गालिच्यावर चिकटपट्टीनं रेषा मारून हा सराव व्हायचा. वर झुंबर, भिंतीशी रचून ठेवलेल्या खुर्च्या, आणि मोज्यांवर चालणारे साडेसहा फुटी लोक. एकतीस त्यांच्या पॉइंट गार्डची भूमिका करायचा. फक्त चाल करून दाखवून तो थांबत नसे. त्या गार्डची ड्रिबलची लकब, पास देण्याआधी मान फिरवण्याची सवय, सगळं उचलून आणायचा. आमचा मुख्य गार्ड रात्री खऱ्या माणसासमोर उभा राहायचा तेव्हा तो त्याला दुसऱ्यांदा भेटत असायचा. रात्री त्यानं चेंडू हिसकावला की टाळ्या त्याला मिळायच्या, आणि त्या योग्यच होत्या. पण मी ‘बाक’ बटण दाबून बघायचे. त्या क्षणी एकतीस खुर्चीवरून उठून मूठ आवळायचा आणि लगेच पुन्हा बसून पुढची चाल बघायला लागायचा.

दुसरं काम तयार राहण्याचं, आणि हे सर्वांत जड. शूटअराउंड संपला की मुख्य खेळाडू बर्फ लावून पडायचे. ज्यांना मिनिटं मिळत नाहीत ते थांबून सहायक कोचबरोबर तीन-तीनचा खेळ खेळायचे. त्या गटाला सगळे ‘स्टे रेडी’ म्हणतात. रिकाम्या हॉलमध्ये बुटांचा आवाज घुमायचा. सामन्यात खेळायला मिळेलच याची खात्री नसताना सामन्याइतकं पळायचं. रोज. त्याचं फळ कधी येईल, येईल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

कधीकधी येतं. २००३ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा सहावा सामना मी अभ्यासासाठी कितीतरी वेळा पाहिलाय. सॅन अँटोनियो स्पर्स विरुद्ध डॅलस. स्पर्सच्या टोनी पार्करचं पोट बिघडलेलं. कोच ग्रेग पॉपोविच यांनी बाकावरून स्टीव्ह करला आत पाठवलं. कर तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि त्या प्लेऑफमध्ये जवळजवळ बसूनच होता. त्यानं चार थ्री, म्हणजे तीन गुणांचे लांबचे शॉट, मारले, चारही आत गेले. मागे पडलेले स्पर्स जिंकले, फायनलला गेले आणि विजेते झाले. लोकांना ते चार शॉट आठवतात. मला त्याआधीचे आठवडे दिसतात. रोज सरावानंतर थांबून, कुणी विचारत नसताना मारलेले शेकडो शॉट. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली असती तर त्या रात्री पाणी लागलं नसतं.

पुढे हाच कर गोल्डन स्टेट वॉरियर्सचा कोच झाला. २०१४-१५ च्या सीझनमध्ये त्यानं आंद्रे इग्वाडालाला बाकावरून यायला सांगितलं. इग्वाडाला तोवर कारकिर्दीतल्या प्रत्येक सामन्यात पहिल्या पाचांत असायचा. असं सांगणं किती अवघड असतं ते त्या खोलीत बसलेल्यालाच कळतं. त्यानं ते स्वीकारलं आणि तो अख्खा नियमित सीझन बाकावरून खेळला. फायनलमध्ये क्लीव्हलँडविरुद्ध वॉरियर्स १-२ असे मागे पडले, तेव्हा करनं चौथ्या सामन्यात सेंटर अँड्र्यू बोगटच्या जागी इग्वाडालाला पहिल्या पाचांत घेतलं. वॉरियर्स सलग तीन सामने जिंकले. इग्वाडाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बोगटला त्या चौथ्या सामन्यात जेमतेम तीन मिनिटं मिळाली. बाकावरून उठून येणाऱ्या इग्वाडालाची गोष्ट सगळे सांगतात. मी त्याच्या शेजारी बोगटचीही ठेवते. सीझनभर कमावलेली जागा ऐन फायनलमध्ये सोडून बाकावर बसायचं, आणि तरी त्या बाकावर विष कालवायचं नाही, हेसुद्धा त्या विजेतेपदातलं योगदान आहे.

या बदलाची कल्पना सुचवली होती निक युरेन या तरुण सहायकानं. आदल्या वर्षीच्या, म्हणजे २०१४ च्या फायनलची टेप बघताना त्याच्या लक्षात आलं होतं की स्पर्सनं तिसऱ्या सामन्यात टियागो स्प्लिटरला बसवून बोरिस डिऑला सुरुवातीला घेतलं आणि सगळा खेळ मोकळा झाला. रात्री उशिरापर्यंत टेप बघणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट फार जवळची वाटते. आम्हीही बाकावरचेच.

स्पर्सचा २०१४ चा संघ तर मी नव्या मुलांना मुद्दाम दाखवायचे. आदल्या वर्षी फायनलच्या सहाव्या सामन्यात विजय त्यांच्या हातात आला होता. शेवटची पाच सेकंदं उरली असताना मायामीच्या रे ॲलननं कोपऱ्यातून थ्री मारून बरोबरी केली, आणि विजेतेपद गेलं. तो ॲलनही त्या सीझनमध्ये बाकावरूनच येत होता. दुसऱ्या वर्षी स्पर्सनं नियमित सीझनमध्ये ६२ सामने जिंकले, आणि त्यात त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी तीस मिनिटांवर गेली नाही. मानु जिनोबिली, अर्जेंटिनाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारा माणूस, वर्षानुवर्षं बाकावरून येत होता. पॅटी मिल्स हा ठेंगणा ऑस्ट्रेलियन गार्ड बाकावर उभा राहून टॉवेल फिरवण्यासाठी ओळखला जायचा. फायनलच्या निर्णायक पाचव्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं १४ गुण केले. टॉवेल फिरवणारा हात आणि थ्री मारणारा हात एकच होता. मुलांनी एवढंच लक्षात घ्यावं म्हणून मी ती टेप लावायचे.

हे सगळं बावीस वर्षांच्या मुलाला मात्र सांगून पटत नाही. आमच्याकडे तसा एक होता. कॉलेजमध्ये सामन्याला वीस गुण करायचा, आमच्या संघात त्याला चार-पाच मिनिटं मिळायची. त्याची मी जमवलेली ‘बाक’ची टेप बघवत नव्हती. टॉवेल डोक्यावर, नजर बुटांकडे. टाइमआउट झाला की मैदानावरचे पाच जण बसायला येतात. बाकीच्यांनी उठून खुर्च्या रिकाम्या करायच्या, पाणी द्यायचं आणि कोचच्या पाठीमागे कोंडाळं करून ऐकायचं, ही रीत आहे. तो सगळ्यांत शेवटी उठायचा आणि कोंडाळ्याच्या बाहेर उभा राहायचा. मी ती टेप कोचला दाखवणार होते. त्याआधी एकतीसला दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ही कोचला देऊ नकोस. हा आळशी नाही, घाबरलाय.”

पुढच्या सामन्यात एकतीस त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. त्यानं उपदेश केला नाही, पाठ थोपटली नाही. प्रत्येक चालीच्या आधी फक्त एक प्रश्न विचारायचा. “आता चेंडू कुठे जाईल?” मुलगा आधी खांदे उडवायचा. मग चिडून काहीतरी सांगायचा. मग बरोबर सांगायला लागला. तिसऱ्या आठवड्यात टेपमध्ये मला दिसलं की टॉवेल मांडीवर आलाय. पाचव्या आठवड्यात तोच एकतीसला कोपरानं ढोसून काहीतरी दाखवत होता. हा बदल कोणत्याही आकडेवारीत नाही. पण जो मुलगा दोन महिन्यांत करार फेकून घरी गेला असता, तो संघात राहिला, आणि त्याच्या चार मिनिटांची आम्हाला भीती वाटेनाशी झाली. मुख्य खेळाडूला दोन फाउल झाले की कोच आधी घड्याळाकडे बघायचे, आता बाकाकडे बघायला लागले.

जानेवारीच्या शेवटी एकतीसला संघानं सोडलं. दोन जागा हव्या होत्या, कमी वयाची मुलं हवी होती. निर्णय घेणाऱ्यांपुढे जो कागद होता त्यावर त्याच्या नावापुढे लहान लहान आकडे होते, आणि ते खोटे नव्हते. मी माझी ‘बाक’ची टेप घेऊन वर गेले. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि चांगली आहे म्हणाले. निर्णय बदलला नाही. त्या दिवशी मला जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही. व्यवसाय म्हणून त्यांचं गणित मला समजतं. पण जे मोजता येत नाही ते नाहीच असं धरून चालायची सवय एखाद्या संघाला लागली, की तो आतून हळूहळू पोकळ होत जातो, हे मी त्यानंतरच्या महिन्यात पाहिलं. सरावात आवाज कमी झाला. बँक्वेट हॉलमधले पॉइंट गार्ड नुसतीच चाल करून दाखवायला लागले. आम्ही ओळीनं पाच सामने हरलो.

जाताना एकतीसनं लॉकर रूममध्ये सगळ्यांशी हात मिळवले, मग व्हिडिओ रूममध्ये येऊन माझ्याकडे ‘बाक’च्या सगळ्या क्लिपा मागितल्या. मला वाटलं, स्वतःच्या आठवणीसाठी हव्या असतील. तो म्हणाला, “नाही. ज्या मुलांना पुढे शिकवीन त्यांना दाखवायला.” आता तो त्याच्या गावच्या शाळेत कोच आहे.

मार्चमध्ये आमची गाठ पुन्हा त्या ‘अधिक ९’वाल्या रात्रीच्या संघाशी पडली. तोच सेंटर. आमचा तो मुलगा त्या रात्री एक मिनिटही खेळला नाही. सामना झाल्यावर, सवयीनं, मी टेप दुसऱ्यांदा लावली आणि आवाज सुरू केला. ज्या अर्ध्यात आमचा बचाव आमच्या बाकासमोर होता, त्या अर्ध्यात एक आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता. “स्लिप! स्लिप! जातोय!” मी कोपरा मोठा केला. मुलगा खुर्चीच्या कडेवर होता. शेजारी फेब्रुवारीत आलेला नवा पोरगा बसला होता, आणि आमचा मुलगा त्याला पाय वळवून दाखवत होता, अगदी तसाच. मी आणखी खाली पाहिलं. टाचा वर होत्या.

पहिल्या अर्ध्यात त्या ओरडण्याचा उपयोग झाला, सेंटर दोनदा अडला. दुसऱ्या अर्ध्यात मात्र तो दोनदा निसटून गेलाच, आणि आम्ही तीन गुणांनी हरलो.

मी ती बारा सेकंदांची क्लिप एकतीसला पाठवली. खाली लिहिलं, बघ, तुझा आवाज अजून इथंच आहे. वाटलं होतं, त्याला भरून येईल. निदान हसण्याचं एखादं चित्र तरी येईल. अर्ध्या तासानं उत्तर आलं.

“दुसऱ्या अर्ध्याची टेप पाठव.”

पाठवली. पुन्हा अर्धा तास गेला.

“सेंटर आता पाय लपवायला शिकलाय. पोराला सांग, पाय बघू नकोस. उजवा खांदा बघ.”

रात्रीचे बारा वाजून गेले होते. मी टेप मागे घेतली, सेंटर मोठा केला आणि एकेक फ्रेम पुढे नेत गेले. दोन्ही पाय जमिनीत रोवलेले होते. खांदा वळायला लागला होता.